निघण्याआधी आपली सावली पाहा



मार्गशीर्ष लागला की आपल्या सारंगखेड्याच्या रस्त्यांवर गर्दी वाढते. दत्तजयंतीपासून यात्रा भरते. घोडेबाजारासाठी दूरदूरच्या राज्यांतून व्यापारी येतात. आपल्या वस्त्यांतली माणसे यात्रेत दुकान मांडतात, हमाली करतात, हॉटेलात कामाला जातात. याच दिवसांत ऊसतोड जोरात असते आणि कापसाची वेचणी चालू असते. कामावरून सुटण्याची वेळ साधारण एकच, संध्याकाळी पाच ते सहा. त्या वेळी तापीच्या पुलाकडे येणाऱ्या रस्त्यांवर मोटारसायकली, उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे एकत्र येतात. आणि नेमक्या त्याच वेळी सूर्य खाली उतरून डोळ्यांच्या रेषेत येतो.

आरोग्याच्या पानावर मोटारसायकल कशाला, असे कोणाला वाटेल. कारण असे. अपघात कक्षात काम करताना आम्ही एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले आहे, "माले काहीच दिखनं नही, ताई." हे सांगणारा प्यायलेला नसे. रस्ता सरळ आणि कोरडा असे. दिवस मावळलेला नसे. तरीही समोरची उभी ट्रॉली त्याला दिसलेली नसे. बाहेर बाकावर बसलेली घरची माणसे म्हणत, "वेळच वाईट होती." आम्हीही त्या वेळी मान डोलावून पुढच्या जखमीकडे वळत असू.

आज आम्ही मान डोलावणार नाही. वेळ वाईट होती हे खरे आहे, पण ती घड्याळातली वेळ होती, नशिबातली नव्हे. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणामही टळतो, हे आपल्याला बुद्धांनी शिकवले. मग अपघाताचे कारण आपण ग्रहताऱ्यांवर का ढकलावे? येथे सूर्याचा संबंध आहे, पण तो पत्रिकेतला सूर्य नाही. आकाशात समोर दिसणारा हा सूर्य कधी, कुठे आणि कसा आडवा येतो, ते आधीच ओळखता येते.

धोक्याची वेळ आणि धोक्याचा रस्ता

डिसेंबरात आपल्या भागात सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाला दहाएक मिनिटे कमी असताना मावळतो. उगवल्यानंतरचा एक तास आणि मावळण्याआधीचा एक तास, हे दोन तास जपायचे. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत मावळण्याची वेळ साडेसहा-पावणेसातपर्यंत जाते आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणून घड्याळातला एकच आकडा पाठ करू नका, सूर्याकडून वेळ मोजायला शिका.

मोजायचे कसे? हात समोर सरळ लांब करा आणि मूठ आडवी धरा. मुठीची खालची कड जमीन आणि आकाश जिथे मिळतात तिथे टेकवा. सूर्य मुठीच्या वरच्या कडेपाशी असेल तर मावळायला साधारण पाऊण तास उरला आहे. सूर्य मुठीपेक्षा खाली आला असेल, तर आता निघणाऱ्याने हा लेख आठवावा. हे मोजताना सूर्याकडे टक लावून पाहू नका. मुठीनेच तो झाका.

आता रस्ता. आपल्याकडे दिशा ओळखायला तापीमाईसारखी खूण नाही. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तेव्हा जे रस्ते तापीच्या काठाकाठाने जातात, ते उन्हाच्या तोंडावर असतात. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्याच्या आणि संध्याकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन येते. सारंगखेड्याहून संध्याकाळी नंदुरबारच्या दिशेने निघालेल्याला हा अनुभव रोजचा आहे. जे रस्ते तापी ओलांडतात, म्हणजे शहादा-दोंडाईचा रस्त्यासारखे, त्यांवर ऊन बहुधा बाजूने येते.

बाजूने आले म्हणून निर्धास्त राहायचे नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत शहाद्याहून दोंडाईच्याकडे सकाळी निघालेल्याला तो डाव्या हाताला, पण पुढच्या बाजूने गाठतो. पुलावर पाण्यावरून उलटून आलेली चमकही डोळ्यांत जाते. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. अगदी सरळ पूर्व-पश्चिम रस्त्यांवर ते दिवस सर्वांत अवघड.

डोळ्यात काय होते

डोळ्याची बाहुली उजेड वाढला की आकुंचन पावते आणि अंधारात मोठी होते. एवढी सोय असूनही खालचा सूर्य समोर आला की डोळा हरतो. कारण तो उजेड डोळ्याच्या आत सरळ जात नाही. बुबुळाचा पारदर्शक पडदा आणि आतले भिंग यांतून जाताना तो थोडा विखुरतो आणि आतल्या पडद्यावर पांढरट झाक पसरते. धुके पडल्यावर झाड असूनही दिसत नाही, तसेच होते. सूर्याच्या आसपासची प्रत्येक गोष्ट, म्हणजे ट्रॉली, म्हैस, रस्ता ओलांडणारी म्हातारी, या झाकेमागे जाते.

दुसरी गोष्ट आणखी फसवी आहे. उन्हातून एकदम कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत गाडी शिरली की डोळ्याला सावलीची सवय व्हायला काही क्षण लागतात. गतिरोधक, खड्डा किंवा उभी बैलगाडी त्याच सावलीत असेल, तर ते क्षण महाग पडतात. रस्त्याच्या कडेला ओळीने झाडे असतील तर ऊन-सावली, ऊन-सावली अशी उघडझाप होते आणि डोळा ना इकडचा ना तिकडचा राहतो.

आता हिशेब करू. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. डोळे दिपून तीन सेकंद दिसले नाही, तर ४२ मीटर रस्ता आपण न पाहता कापला. घरात डोळे मिटून सात-आठ पावलेसुद्धा आपण चालत नाही, आणि इथे बायको-मुलांना मागे बसवून ४२ मीटर जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून ऊन समोर असताना पहिला उपाय वेग कमी करणे हाच आहे. बाकीचे उपाय त्याच्या मदतीला आहेत.

सावलीचा नियम

आता या लेखातली मुख्य गोष्ट. ती वस्तीतल्या प्रत्येक चालवणाऱ्याच्या तोंडी बसली पाहिजे.

गाडीला किल्ली लावण्याआधी आपली सावली कुठे पडली आहे ते पाहा.

सावली लांब आणि आपल्या मागे असेल, तर ऊन आपल्या डोळ्यांत आहे. आपल्याला दिसणार नाही.

सावली लांब आणि आपल्या पुढे असेल, तर ऊन पाठीशी आहे. आपल्याला सगळे लख्ख दिसते. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तेच ऊन आहे. त्याला आपण दिसत नाही.

पहिली गोष्ट सगळ्यांना कळते, कारण त्रास आपल्याला होतो. दुसरी कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याला काहीच त्रास नसतो. रस्ता स्वच्छ दिसतो, म्हणून आपण वेग वाढवतो. समोरून ट्रॅक्टर येतो. आपल्याला ट्रॅक्टर दिसतो, म्हणून आपण गृहीत धरतो की त्यालाही आपण दिसतो. तो मात्र डोळे बारीक करून अंदाजाने चालवत असतो आणि आपल्यासमोरच उजवीकडे शेताच्या वाटेला वळतो. अशा धडकेत दोघेही म्हणतात, "माझी चूक नव्हती." दोघेही खरे बोलत असतात.

म्हणून सावली पुढे असेल तेव्हा समोरच्या प्रत्येकाला दिसत नाही असे समजूनच चालवा. तो वळेल, तो ओव्हरटेक करत आपल्या बाजूला येईल, असे धरूनच अंतर ठेवा. हेडलाइट चालू ठेवा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो याच कारणासाठी. जुन्या गाडीवर तो हाताने लावावा लागतो. दिवसा दिवा लावला म्हणून कोणी हसले तर हसू द्या.

पाठीमागचे ऊन आपल्या मागच्या लाल दिव्यावर आणि इंडिकेटरवर पडले की ते लागलेत की नाही हेच मागच्याला कळत नाही. वळायचे असेल तर इंडिकेटरबरोबर हातही दाखवा. बाजूच्या आरशात सूर्य चमकत असेल तर आरशावर विसंबू नका, वेग कमी करून क्षणभर मान वळवून पाहा.

निघण्याआधीची तयारी

*काच.* हेल्मेटची काच स्वच्छ असेल तर अर्धे काम झाले. धूळ, तेलकट बोटांचे ठसे, किड्यांचे डाग आणि चरे, या प्रत्येकावर ऊन फुटते आणि अख्खी काच पांढरी दिसते. कोरड्या रुमालाने किंवा शर्टाच्या टोकाने काच पुसू नका. धुळीचे कण घासले जाऊन चरे पडतात. पाणी आणि थोडा अंगाचा साबण लावून धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. फार चरे पडलेली काच बदला. बहुतेक हेल्मेटना नुसती काच वेगळी मिळते. थंडीच्या सकाळी तापीकाठी धुके असते तेव्हा काच श्वासानेही धूसर होते. ती बोटभर उघडी ठेवा.

*पट्टी.* काचेच्या वरच्या कडेला बाहेरून काळी चिकटपट्टी आडवी लावा. रुंदी बोटभर, जास्त नको. समोर पाहताना ती नजरेच्या वर राहिली पाहिजे. ऊन आले की मान थोडी खाली केली, की सूर्य पट्टीमागे जातो आणि रस्ता दिसत राहतो. लावल्यावर आधी उभ्या गाडीवर बसून पाहा.

*चष्मा.* गॉगल घ्यायचा तर तो फार काळा नको. पोलराइज्ड काचेचा गॉगल पाण्यावरची आणि गुळगुळीत डांबरावरची चमक कमी करतो. मात्र कोणताही गॉगल समोरच्या सूर्याला झाकू शकत नाही, हे लक्षात ठेवा. सूर्य बुडाला की गॉगल काढा. काळी काच लावून संधिप्रकाशात चालवणे म्हणजे स्वतःच्या हाताने अंधार करून घेणे. काळ्या काचेचे हेल्मेट असेल तर संध्याकाळसाठी पारदर्शक काचच हवी.

*हेल्मेट.* आयएसआय खुणेचे, पट्टा हनुवटीखाली लावलेले. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या हिसक्याला उडून जाते. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. पोलिसाला दाखवायला घातलेले टोपलीवजा हेल्मेट डोके वाचवत नाही. डोक्याच्या जखमा आम्ही जवळून पाहिल्या आहेत, म्हणून एवढे ठामपणे सांगतो.

रस्त्यावर

ऊन समोर आले की सूर्याच्या बाजूला पाहू नका. नजर थोडी खाली आणि रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. पांढरी रेघ असेल तर ती धरून चला, मधूनमधून समोर नजर टाका. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. ओव्हरटेक करू नका. उसाची ट्रॉली पुढे असेल तर तिच्या मागे निमूट चला. दहा मिनिटे उशीर झाला तर घरचे रागावतील, एवढेच.

एकदम दिसेनासे झाले तर ब्रेक करकचून दाबू नका. मागच्यालाही दिसत नाही, तो येऊन आदळेल. ॲक्सिलेटर सोडा, दोन्ही ब्रेक हळू लावा, डावीकडे घ्या.

थांबायचे ठरवले तर कुठे थांबता ते महत्त्वाचे आहे. डांबराच्या कडेला गाडी लावून तिच्यावरच बसून राहणे सर्वांत धोक्याचे. आपल्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यांतही तेच ऊन आहे, त्याला आपण दिसणार नाही. गाडी रस्त्यापासून पूर्ण खाली घ्या, शक्यतो टपरीपाशी किंवा फाट्यावरच्या मोकळ्या जागेत. सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहा. चहा घ्या. सूर्य आपल्यासाठी थांबत नाही, पाव-अर्ध्या तासात तो बुडतोच.

सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे बरा उजेड असतो. जवळच्या अंतरासाठी ती वेळ चांगली. त्यानंतर वेगळा धोका सुरू होतो. मागे दिवा नसलेली ट्रॉली, बैलगाडी, यात्रेहून हाताने धरून नेलेला घोडा, हे अंधारात एकदम समोर येतात. तेव्हा "ऊन गेले, आता पळवा" असे करू नका. ज्यांच्या घरी बैलगाडी किंवा ट्रॉली आहे त्यांनी मागे लाल चमकपट्टी लावावी. खर्च थोडा आहे आणि ती दुसऱ्याच्या लेकराचा जीव वाचवते.

डोळे तपासून घ्या

वर सांगितलेली पांढरी झाक प्रत्येकाच्या डोळ्यात सारखी नसते. वयाबरोबर भिंग धूसर होत जाते आणि उजेड जास्त विखुरतो. मोतीबिंदूच्या सुरुवातीला घरात, सावलीत नीट दिसते, पण समोरून ऊन किंवा दिवा आला की काहीच दिसत नाही. म्हणून "मला सगळं दिसतं" म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला विचारा, संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून चालवताना दिसते का? रात्री समोरच्या दिव्याभोवती वलय दिसते का? उत्तर पाहून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

शेतात उन्हा-धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढते. ते बुबुळावर आले की दिपण्याचा त्रास वाढतो. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यावा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली होती, हे आपण विसरू नये. सरकारी दवाखान्यांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि तो आपल्यासाठीच आहे. शस्त्रक्रियेची भीती वाटत असेल तर ज्यांची झाली आहे अशा शेजाऱ्याशी बोला.

चाळीसगावचा पूल

वाहन आणि पूल यांची एक गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह केला, म्हणून त्यांनी रात्री तिथे थांबायचे कबूल केले. स्टेशनवर टांगे उभे होते, पण महाराला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, हाकायला मात्र आला नाही. पाहुण्याला पायी नेणे लोकांना बरे वाटेना. म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. थोडे पुढे जाताच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

या अपघाताचे मूळ कारण अस्पृश्यता हेच होते. ते कधीही विसरायचे नाही. लगाम धरणाऱ्या त्या माणसाला आम्ही दोष देत नाही, त्याच्या मनात प्रेमच होते. पण प्रेमाने घोडा आवरत नाही. तेव्हा आपल्याला शिकू दिले जात नव्हते. आज लायसन्स, प्रशिक्षण, हेल्मेट, सगळे आपल्याला खुले आहे. तरीही सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात लाडाने किल्ली देणारे आणि मिरवायला म्हणून ट्रिपल सीट पिटाळणारे आपल्या वस्तीत आहेत. पाहुण्याचा मान राखताना त्याची सुरक्षितता विसरली गेली, ही १९२९ची खंत आपण आज आपल्याच लेकरांच्या बाबतीत पुन्हा ओढवून घ्यायची का?

मागे बसणाऱ्या ताई, तुम्हीसुद्धा

गाडी नवरा, भाऊ किंवा मुलगा चालवत असेल, तरी मागच्या माणसाचे डोळे मोकळे असतात. "ऊन समोर आहे, हळू घ्या," असे म्हणायला संकोच करू नका. पदर, ओढणी चाकापासून आवरून बसा. लहान मुलाला टाकीवर पुढे बसवू नका. ऊन त्याच्याही डोळ्यांत जाते, ते हलते, आणि धडक झाली तर पहिला मार त्यालाच बसतो.

पाचवे शील आपण रोज म्हणतो. दारू-ताडी का वर्ज्य, तर ती माणसाला बेसावध करते म्हणून. बेसावधपणा केवळ बाटलीतून येत नाही. मोबाइल कानाला लावून, घाईत, धुळकट काचेतून, डोळ्यांत ऊन घेऊन चालवणे हीही बेसावध अवस्थाच आहे. अप्पमाद, म्हणजे सावधपणा, गाडीवरही पाळायचा असतो. आणि दारू पिऊन उन्हाच्या तोंडावर गाडी चालवणाऱ्याबद्दल काय बोलावे? त्याची किल्ली काढून घ्या. भांडण झाले तरी चालेल.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा, रुग्णवाहिका विनामूल्य येते. ११२ वर पोलीस मिळतात. जागा सांगताना पूल, फाटा, किलोमीटरचा दगड अशी खूण सांगा. आधी मागून येणाऱ्या वाहनांना थांबवा, कारण ज्या उन्हाने पहिला अपघात केला ते अजून तिथेच आहे. जखमीला पाणी, चहा काही पाजू नका. मान सरळ ठेवा, हिसका देऊन उचलू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा आणि वारंवार उचलून पाहू नका.

"पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून आपली माणसे मागे सरतात. वस्तीतल्या माणसाला ही भीती का वाटते, ते आम्ही जाणतो. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आले. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीवर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्र सरकारची योजनाही आहे. दवाखान्यात ती ठामपणे मागा.

या रविवारी विहारात

शेवटी एक विनंती. पौर्णिमेच्या वंदनेला आणि बैठकांना आपण संध्याकाळची वेळ देतो. बाहेरगावचे उपासक-उपासिका नेमके ऊन डोळ्यांत घेऊन येतात. थंडीत ही वेळ साडेसहा ठेवा, म्हणजे जवळपासची माणसे सूर्य बुडाल्यावर, उजेड असताना निघू शकतील. लांबून येणाऱ्यांना पाचच्या आत बोलवा. चहा लवकर ठेवावा लागेल, तेवढेच.

आणि येत्या रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी आपापली हेल्मेटे घेऊन या. एक बादली पाणी, साबण, चार जुनी सुती धोतरे. लहान मुलांच्या हातून काचा धुऊन घ्या, काळ्या पट्ट्या लावून घ्या. मग त्या मुलांना विहाराच्या अंगणात उभे करा आणि विचारा, "सावली पुढे असली की कोणाला दिसत नाही?" उत्तर त्यांना एकदा पाठ झाले, की सकाळी बाप गाडीला किक मारत असताना तीच मुले दारातून ओरडतील, "पप्पा, सावली पाहिली का?"

जय भीम! नमो बुद्धाय!